बॉक्सिंग क्लासचा रिव्ह्यू, पण जास्त करून रविवारचा

बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर हा क्लास आहे, तीन महिने झाले जातोय. आधी रडगाणं उरकतो. क्लासचे ग्लोव्हज सगळ्यांचे मिळून एकच, वास असा की घरी आल्यावर आई आंघोळीआधी घरात घेत नाही, तर स्वतःचे घेऊन जा. बॅगा दोनच, संध्याकाळी नंबर लागेपर्यंत अंग गार पडतं. फी ठीक.

तरी सोडत नाही त्याचं कारण रविवार सकाळ. सर भिंतीवर जुन्या फाइट लावतात, दर दोन मिनिटांनी पॉज. सध्या होसे नापोलेस चालू आहे. मूळ क्युबाचा, तिकडे प्रोफेशनल बॉक्सिंग बंद झालं म्हणून मेक्सिकोत गेला आणि 1969 ला कर्टिस कोक्सला हरवून वेल्टरवेट (साधारण 67 किलोपर्यंतचा वजनगट) चॅम्पियन झाला. टोपणनाव मांतेकिया, म्हणजे लोणी! मला आधी हसू आलं, पण बघितल्यावर कळलं, समोरच्याचा ठोसा आला की हा डोकं चार बोटं बाजूला करतो, पाय जागेवरच, आणि तेवढ्यात आखूड लेफ्ट हुक (डाव्या हाताचा बाजूने ठोसा) बसलेला पण असतो. कुठे घाई म्हणून नाही. आम्ही एका राउंडमध्ये धापा टाकतो.

आता भांडण. सरांचं म्हणणं, वेल्टरमध्ये शुगर रे रॉबिन्सननंतर हाच. मला नाही पटत, कारण नंतरच्या शुगर रे लेनर्डने बेनितेझ, दुरान, हर्न्स अशा तिन्ही चॅम्पियनना हरवलं, तशी नावं नापोलेसकडे कुठेयत? जुना चॅम्पियन एमिल ग्रिफिथला हरवलं ते मोठंच, पण ग्रिफिथ तेव्हा मिडलवेटमधून, म्हणजे वरच्या वजनगटातून, वजन उतरवून परत आलेला. सर म्हणाले, "अरे बघायला शिक, नुसती नावं काय मोजतोस?" एक मात्र मान्य, 1970 ला बिली बॅकसकडून नापोलेस हरला ते कातडी फाटून फाइट थांबवली म्हणून, सहा महिन्यांत टायटल परत घेतलं. आणि 1974 ला पॅरिसजवळ मिडलवेट चॅम्पियन मोन्झोनने हरवला ती फाइट तर धरूच नये, तो वरच्या वजनाचा, उंचीला पण केवढा. नुसती कला बघायची तर मी पण नापोलेसला हर्न्सच्या वर ठेवीन, लेनर्डच्या वर नाही, खाली सेव उसळ खाताना पण हेच चालू असतं.

रविवारी साडेसातच्या आत पोचा, नंतर चटई मिळत नाही.