‘व्हॅल्यू’च्या हिशेबात बुडालेले पैसे

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, दालबाजारातील एका आडतीवर मी तेवीस वर्षे जमाखर्च पाहतो. टक्केवारीत आपल्याला कोणी गंडवू शकणार नाही असा माझा समज होता, आणि मला गंडवले गेले ते नेमके टक्केवारीच्या वाटेने.

२०२४ च्या हिवाळ्यात टेलिग्रामवरील, सामन्यांवरच्या पैजांचे सल्ले देणाऱ्या एका गटात मला घेण्यात आले. त्याचा चालक ‘हमखास निकाल’ विकणाऱ्यांतला नव्हता. फोनवर तो शुद्ध मराठीत म्हणे, “काका, कोण जिंकणार हे आपल्याला कळत नाही. आपण फक्त चुकलेला भाव शोधायचा.” अशा भावालाच तो ‘व्हॅल्यू’ म्हणे. भाव २.५० असेल, म्हणजे शंभर लावून जिंकल्यास अडीचशे हाती येणार असतील, तर त्यात जिंकण्याची ४० टक्के शक्यता धरलेली असते. ती प्रत्यक्षात ४६ टक्के असेल, तर शंभर रुपयांमागे दीर्घकाळात सरासरी पंधरा रुपये सुटतात. हे गणित खरे आहे. ते मी आजही खोडू शकत नाही. बुकीची दलाली कशी काढायची हेही त्यानेच शिकवले. एकाच सामन्याचे तीन भाव (एका संघाचा विजय, बरोबरी, दुसऱ्याचा विजय) २.१०, ३.४० आणि ३.६० असतील, तर त्यांत धरलेल्या शक्यतांची बेरीज जवळजवळ १०५ टक्के भरते, आणि शंभरावरचे पाच टक्के हा बुकीचा वाटा. रोज आडत मोजणाऱ्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटली, यात नवल नाही.

मात्र ४६ हा आकडा आला कोठून, हे मी विचारले नाही. तो त्याचाच होता, पैज लावण्याचे संकेतस्थळही त्यानेच सुचवलेले होते, आणि अशा सुचवणाऱ्यांना पुष्कळदा ग्राहकाच्या तोट्यातूनच हिस्सा मिळतो हे मला फार उशिरा कळले.

शनिवारी रात्री साडेआठला इंग्लंडमधले सामने सुरू होत आणि मी वहीत नोंदी करीत बसे. हरलो की उत्तर तयार असे: “पैज हरली, पण भाव बरोबर होता.” या युक्तिवादाची खोच अशी की तो खराही असू शकतो. शंभर पैजांत चाळीस जिंकणारा आणि शेहेचाळीस जिंकणारा यांच्यात फरक सहाचा, आणि निव्वळ नशिबाने होणारा चढउतारच पाचएक पैजांचा. त्यामुळे शंभर पैजा झाल्या तरी सल्लागार जाणकार आहे की लबाड, हे निकालांवरून ठरत नाही. ठरवण्याचा बरा मार्ग वेगळा आहे. आपण घेतलेला भाव सामना सुरू होताना बाजारात उतरलेला असेल, तर आपण खरोखर स्वस्तात घेतले होते. मी २.५० ने घेतलेल्या भावांची नंतर जुळणी केली, तेव्हा ते इतरत्र बहुतेक वेळा २.६० किंवा २.७० वर गेलेले आढळले. म्हणजे मी ज्याला व्हॅल्यू समजत होतो, तो महागात घेतलेला माल होता.

एकूण ८५,००० रुपये भरले होते आणि खात्यात ६१,४०० दिसत होते. ते काढू लागताच ‘कर आगाऊ भरा’ म्हणून १८,००० मागण्यात आले. ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकलेल्या रकमेवरचा ३० टक्के कर एप्रिल २०२३ पासून देणाराच कापून घेतो, हे मला धंद्यामुळे ठाऊक होते, आणि मी तर तोट्यात होतो. तरीही मी ती रक्कम भरली. याची लाज मला मूळ तोट्याहून अधिक वाटते. त्यानंतर खाते उघडेना आणि गटातून माझे नाव गेले.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला तो चौथ्या दिवशी. पहिल्या तासाभरात केला असता, तर पैसे पुढे सरकण्याआधी काही रक्कम कदाचित गोठवता आली असती. तेथे प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक आणि पैसे घेणाऱ्याचे नाव विचारण्यात आले. माझ्या वहीत दोन दशांशांपर्यंतचे भाव होते, शक्यता होत्या, निकाल होते. नावांचा रकाना नव्हता. बँकेच्या उताऱ्यातून ती शोधली, तेव्हा एकाच संकेतस्थळासाठी मी चौदा वेळा भरलेले पैसे अकरा निरनिराळ्या माणसांच्या खात्यांत गेलेले निघाले.