मंकी आयलंड पुन्हा खेळताना: मूळ आवृत्ती की विशेष आवृत्ती?

समुद्री चाच्यांच्या जगात कोडी सोडवत पुढे जाण्याचा संगणकीय खेळ ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) आणि त्याचा १९९१ चा दुसरा भाग आज पुन्हा खेळायचा, तर स्कमव्हीएम या जुने खेळ आजच्या संगणकांवर चालवणाऱ्या मोफत प्रणालीवर मूळ आवृत्ती चालवता येते, किंवा २००९ व २०१० मध्ये आलेल्या विशेष आवृत्त्या घेता येतात. विशेष आवृत्त्यांत चित्रे नव्याने रंगवलेली आहेत, खेळाचा नायक गायब्रश थ्रीपवुडला अभिनेता डॉमिनिक अर्माटोचा (अगदी चपखल) आवाज आहे आणि कोड्यात अडकल्यास सूचनाही मिळतात. तथापि पहिल्या भागाच्या नव्या रूपात ‘उचल’, ‘ढकल’ यांसारखी, नायकाला आज्ञा देण्यासाठीची क्रियापदे पडद्यावरून हटवून वेगळ्या यादीत ठेवली आहेत. अपमानांच्या तलवारबाजीत, म्हणजे टोमणे व प्रत्युत्तरांवर जिंकायच्या द्वंद्वात, केवळ वाक्ये निवडायची असल्याने ते खटकत नाही, परंतु ग्रॉग या जहाल दारूने वितळत जाणारे पेले बदलत तुरुंग गाठताना ही यादी उघडण्यातच वेळ जातो आणि चिडचिड होते. एक कळ दाबून जुन्या चित्रांकडे वळता येते, मात्र पहिल्या भागात तसे करताच संवादांचे आवाज थांबतात. दुसऱ्या भागात ही उणीव राहिलेली नाही. म्हणून पहिला भाग मूळ रूपात, आणि दुसरा विशेष आवृत्तीत जुन्या चित्रांवर नवे आवाज ठेवून खेळणे मला अधिक पटते.