सहा महिन्यांच्या ऑफ-सीझन ट्रेनिंगनंतर: मुलाचा वेग पायांमुळे वाढला

मागचा बेसबॉलचा सीझन संपला तेव्हा माझ्या चौदा वर्षांच्या मुलाचा फास्टबॉल (पूर्ण वेगाने टाकलेला चेंडू) वेग मोजणाऱ्या रडार गनवर ताशी 66 मैलांच्या आसपास अडकला होता. तो उजव्या हाताने पिचिंग करतो, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकतो, चेंजअप (फसवा हळू चेंडू) छान टाकतो, पण तिसऱ्या इनिंगनंतर त्याचे चेंडू वरवर जायला लागायचे. ऑफ-सीझनसाठी, म्हणजे सामने नसतात त्या महिन्यांसाठी म्हणून आम्ही एक तयार ऑनलाइन प्रोग्राम विकत घेतला. त्यासोबत वजनी (नेहमीपेक्षा जड) चेंडूंचा संच, रबर बँड आणि दोन किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा मोठा जड चेंडू) आला. रडार गन आधीपासून होतीच. आता सहा महिने झालेत. घेण्याआधी असा कुणाचा अनुभव वाचायला मिळाला असता तर आमची एक मोठी चूक टळली असती, म्हणून सविस्तर लिहितोय.

ती चूक आधी सांगतो. मॅचचा चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा असतो. आमच्या संचातला सगळ्यात जड चेंडू जवळजवळ 900 ग्रॅमचा होता. प्रोग्राममध्ये वयाचा कुठे उल्लेखच नाही. पहिल्याच आठवड्यापासून जड चेंडू पूर्ण ताकदीने भिंतीवर मारायला सांगितलं होतं. आम्हीही उत्साहाने सुरुवात केली. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तो डाव्या हाताने दात घासताना दिसला. विचारलं तर म्हणाला, "बाबा, थोडंसंच दुखतंय," आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडावर बोट ठेवलं. माझ्या पोटात गोळाच आला.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून समजावून सांगितलं. या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग अजून कच्चा असतो. मोठ्या पिचरचं जिथे लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) ताणलं जातं, तिथे मुलांचा हा कच्चा भाग आधी ओढला जातो. वेळेवर लक्षात आलं म्हणून सहा आठवडे थ्रो बंद ठेवण्यावर निभावलं. नंतर मी वाचायला बसलो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 13 ते 18 वयाच्या पिचर्सना सहा आठवडे वजनी चेंडू दिले होते. वेग सरासरी 3.3 टक्क्यांनी वाढला खरा, पण त्या गटातल्या 24 टक्के मुलांना दुखापत झाली. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या पिच स्मार्ट नियमावलीत तर या वयाच्या मुलांनी वर्षातले किमान चार महिने, आणि त्यातले दोन-तीन महिने सलग, थ्रो करू नये असंच लिहिलंय. म्हणजे आम्ही विश्रांतीच्या महिन्यांतच हाताला सगळ्यात जास्त राबवत होतो. संच तेव्हापासून बंद आहे. तुमच्या घरी वाढत्या वयाचा पिचर असेल तर कळकळीने सांगतो, नीट जाणकार कोच समोर असल्याशिवाय वजनी चेंडूंच्या वाटेला जाऊ नका.

गंमत म्हणजे खरी सुधारणा त्या सहा आठवड्यांतच सुरू झाली. हात बंद, मग करायचं काय? जुने व्हिडिओ काढले. फोनवर स्लो मोशनमध्ये, सेकंदाला 240 फ्रेमने, बाजूने आणि मागून शूट केलेले. पुढचं पाऊल जमिनीला टेकतं त्या फ्रेमवर थांबवलं आणि दोघांनाही एकदम दिसलं: कंबर आणि छाती, दोन्ही आधीच कॅचरकडे (समोर चेंडू झेलणाऱ्याकडे) वळलेल्या. कंबर आधी आणि खांदे मागून वळले तर पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना पीळ पडतो, आणि तो पीळ सुटताना हाताला वेग मिळतो. याची कंबर आणि खांदे एकदमच वळत होते, त्यामुळे पायांची ताकद वाया जायची आणि राहिलेलं काम कोपर करायचं. पाऊल टेकल्यावर पुढचा गुडघाही आणखी वाकत जायचा. तिथे पाय घट्ट रोवला जायला हवा आणि चेंडू सुटेपर्यंत गुडघा सरळ होत जायला हवा.

मग आठवड्यातून तीन दिवस पाय आणि कंबर: स्क्वॉट, लंजेस, एका पायावरची डेडलिफ्ट, सगळं हलक्या वजनाने आणि सावकाश. थ्रोची परवानगी मिळाल्यावर त्यात मेडिसिन बॉल आला. भिंतीपासून चार-पाच फुटांवर भिंतीकडे बाजू करून उभं राहायचं आणि कंबर फिरवून दोन्ही हातांनी बॉल भिंतीवर मारायचा, एका बाजूला आठ-आठ वेळा. सुरुवातीला तो नुसत्या हातांनी ढकलायचा, तेव्हा फसका आवाज यायचा. तिसऱ्या आठवड्यात एकदा कंबर बरोबर आधी सुटली आणि भिंतीवर असा धाडकन आवाज झाला की तो स्वतःच माझ्याकडे वळून बघायला लागला. त्या दिवसापासून तो आवाज ऐकूनच स्वतःला सुधारतो. पूर्ण खरेदीत याच एका वस्तूचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. रबर बँड खांद्याच्या वॉर्म-अपला ठीक आहे, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) खडूची रेघ आखून आम्ही पावलाचं अंतरही मोजत होतो. आधी 118 सेंटीमीटर, उंची 165. आता 137, उंची 168. पाऊल लांब टाक असं त्याला एकदाही सांगितलं नाही. मागच्या पायात जोर आला तसं ते आपोआप वाढलं.

रडार गन मात्र मी पहिले दोन महिने कपाटात ठेवायला हवी होती. आकडा समोर दिसला की पोरगं हातानेच ओढायला लागतं. आता ती पंधरा दिवसांतून एकदाच निघते. शेवटचा आकडा 71. यातला थोडा वाटा तीन सेंटीमीटर वाढलेल्या उंचीचा आणि चार किलो वाढलेल्या वजनाचा आहे, सगळं श्रेय ट्रेनिंगला देणं बरोबर नाही. पण चेंडूचा नेम सुधारला तो उंचीमुळे नाही, हे मी कॅचरच्या मागे उभा राहून पाहिलंय.

नव्या सीझनचे तीन सामने झालेत. त्याच्या वयाला दिवसाला 95 पिचची (टाकलेल्या चेंडूंची) मर्यादा आहे, आम्ही घरी 70 ठरवली आहे आणि मी वहीत प्रत्येक पिच मोजतो. परवा 58व्या पिचला पुढचा गुडघा पुन्हा वाकायला लागला. मी कोचना खूण केली, तोवर त्यानेच हात वर करून सांगितलं, "पाय दमलेत." कोपर दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारलं, तेव्हाही नाही.