बेंड पाइपला हीट रॅप: सातारा-सांगलीत कुणी गुंडाळावा, कुणी नाही

बेंड पाइप म्हणजे मोटरसायकलच्या इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत वळत जाणारा धुराचा पाइप, आणि हीट रॅप म्हणजे त्याची धग अडवायला त्यावर गुंडाळायची पट्टी. आधी माझं मत सांगून टाकतो. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यात रोज गाडी चालत असेल आणि बेंड पाइप साध्या लोखंडाचा असेल, तर रॅपच्या नादाला लागू नका. माण, खटाव, आटपाडी, जत इकडं राहत असाल आणि पाइप स्टेनलेसचा असेल, तर खुशाल गुंडाळा. मधले सगळे, म्हणजे सातारा शहर, कराड, तासगाव, सांगली-मिरजवाले, यांच्यासाठी पुढचं लिहितोय.

गाडीच्या सायलेन्सरची गोष्ट आणि सुरुवात तालुक्यांच्या नावांनी, हे विचित्र वाटेल. पण रॅपचा सगळा हिशोब पाण्यावर येऊन थांबतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. रॅप विकणाऱ्याच्या खोक्यावर तापमान लिहिलेलं असतं, पावसाबद्दल चकार शब्द नसतो.

साखर कारखान्यात कधी गेला असाल तर वाफेच्या पाइपांना गुंडाळलेली लोकर आठवत असेल. त्या लोकरीवर सहसा ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेला असतो. तो शोभेसाठी नसतो, लोकरीत पाणी जाऊ नये म्हणून असतो. लोकर भिजली की आतल्या लोखंडाला गंज धरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. कारखान्यातल्या देखभालवाल्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. आपण मोटरसायकलला रॅप करतो तेव्हा लोकर तेवढी घेतो आणि पत्रा विसरतो. वर ती गाडी वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरच्या पाण्याखाली धरतो.

गंज आतूनही येतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबच्या रपेटीत ते उडून जातं. पण साताऱ्यात राजवाड्यावरून पोवई नाक्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट शेवटपर्यंत नीट तापतच नाही, आणि पाणी आतच कुठंतरी साचतं. अशा गाडीला बाहेरून ओली पट्टी बांधली की पाइप दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. पहिला जातो तो इंजिनाखालचा वाक.

कशासाठी हवाय, ते आधी ठरवा

ताकद वाढावी म्हणून करत असाल तर पैसे वाचवा. तत्त्व खोटं नाही: गॅस गरम राहिला की वेग टिकतो आणि एक्झॉस्ट लवकर रिकामा होतो. टर्बोच्या गाड्यांना, रेसिंगला त्याचा उपयोग आहे. दीडशे किंवा साडेतीनशे सीसीच्या एका सिलिंडरच्या गाडीवर यवतेश्वरचा घाट चढताना तुम्हाला फरक जाणवला, तर तो नव्या रॅपच्या आनंदाचा आहे असं समजा.

दिसण्यासाठी करत असाल तर त्यावर वाद नाही. बॉबर किंवा स्क्रॅम्बलर अशा ढंगात बदललेल्या बुलेटवर तपकिरी पट्टी झकास दिसते. फक्त खाली चांगला क्रोम असेल तर तो परत मिळणार नाही, हे धरून चाला.

पाय भाजतो म्हणून करत असाल तर कुणाचा पाय आणि कुठं, हे बघा. चालवणाऱ्याच्या नडगीला लागणारी धग बऱ्याचदा इंजिनाच्या फिन्सवरून (गार होण्यासाठी असलेल्या पात्यांवरून) येणाऱ्या हवेची असते. ती रॅपनं जात नाही. मागं बसणाऱ्याच्या पोटरीला चटका बसतो तो सायलेन्सरच्या नळकांड्याचा, बेंड पाइपचा नव्हे. तिथं जाळीचा किंवा पत्र्याचा गार्ड हवा. बेंड पाइप पायाच्या अगदी जवळून वळत असेल, तरच रॅपचा खरा फायदा आहे.

आणि पाइप अचानक जास्त तापायला लागला असेल, रात्री लालसर दिसत असेल, तर आधी मेस्त्रीकडे जा. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालंय (पेट्रोल कमी पडतंय) का, एक्झॉस्टच्या पॅकिंगमधून गॅस फुटतोय का, ते बघून घ्या. दुखणं झाकायला रॅप नसतो.

पट्टी कुठली: फायबरग्लास की बेसाल्ट

स्वस्तातली पांढरी, करडी किंवा काळी पट्टी बहुधा फायबरग्लासची असते. टायटॅनियम, लाव्हा अशा भारदस्त नावांनी मिळणारी तपकिरी-सोनेरी पट्टी बहुतेक वेळा बेसाल्टच्या धाग्याची असते. म्हणजे अजिंक्यताऱ्याचा जो काळा दगड आहे त्याच जातीचा दगड साधारण १४०० ते १५०० अंश सेल्सिअसला वितळवून, त्याचे तंतू ओढून विणलेली. आपल्या दगडाला परदेशी नाव लागलं की किंमत वाढते, ते वेगळं.

साधी फायबरग्लास सततच्या वापरात साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास टिकते, लेप दिलेली थोडी जास्त. बेसाल्टवाले १८०० पर्यंतचा दावा करतात, पण तो आकडा फॅरनहाइटमध्ये असतो. सेल्सिअसमध्ये तो ९८० च्या आसपास येतो. खोक्यावर आकड्यापुढं सी आहे की एफ, हे न बघता दुकानदार 'अठराशे डिग्री' सांगून मोकळा होतो. १२०० एफची पट्टी म्हणजे ६५० सेल्सिअस, एवढं लक्षात ठेवलं की फसगत होत नाही.

लहान गाडीला साधी पट्टीही तापमानाच्या हिशोबानं पुरते. तरी मी बेसाल्टच घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण तापमान नाही. साधी फायबरग्लास काही महिने तापून-गार होऊन कडक होते, वाकाच्या जागी तुटते, तिचे तंतू उडतात आणि अंगाला खाज सुटते. बेसाल्ट जास्त लवचीक राहते, कोरडीच गुंडाळता येते आणि मातीचे डागही तिच्यावर कमी उठून दिसतात. पाणी मात्र दोन्ही पितात.

एक गोष्ट घरात आणूच नका. बॉयलरच्या सामानातून उरलेली ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पट्टी कुणी फुकट देऊ केली तरी नको म्हणा. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यातून होणारा कर्करोग कित्येक वर्षांनी उघड होतो.

रॅप नको असेल तर

पत्र्याचा गार्ड. दिसायला साधा, पण पाइप आणि पत्रा यांच्यामधली मोकळी हवा उष्णता चांगली अडवते. पाणी साचत नाही, पाइप सुकतो, पाहिजे तेव्हा दोन क्लॅम्प सैल करून काढता येतो. नुसता पाय वाचवायचा असेल तर घाटमाथ्यावरच्या माणसानं हाच घ्यावा. बऱ्याच गाड्यांना कंपनीचा तयार मिळतो.

सिरॅमिक कोटिंग सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात महाग. पाइप काढायचा, सँडब्लास्ट करायचा, लेप द्यायचा, बऱ्याच प्रकारांत भट्टीत पक्का करायचा. हे घरी होत नाही, आणि खर्च रॅपच्या कितीतरी पट. उष्णता रॅपइतकी अडवेलच असं नाही, पण गंजापासून खरं संरक्षण मिळतं. इथं एक घोळ होतो. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले आहेत आणि 'करून देतो की' म्हणणारा एखादा भेटतोच. साधी पावडर कोटिंग दोनशे अंशांच्या आसपास हात टेकते. बेंड पाइपवर ती पहिल्याच रपेटीत जळून फोड येतील. 'सिरॅमिक आहे का, किती अंशांचं' असं स्पष्ट विचारा.

सहाशे अंशांचा हीटप्रूफ स्प्रे पेंट हा गरिबाचा उपाय. धग अडत नाही, गंज लांबतो. रॅप करायचाच असेल तर आधी पाइप घासून, हा रंग मारून, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे तापवून पक्का करा आणि मगच गुंडाळा. लोखंडी पाइपला हे टाळू नका.

पाइप कशाचा आहे ते चुंबकानं बघा. चुंबक अजिबात चिकटला नाही तर बहुधा ३०४ जातीचं स्टेनलेस, काळजी कमी. चिकटला तर साधं लोखंड किंवा स्टेनलेसचीच हलकी जात, दोन्ही शक्य. मग गंजणारं धरून चला. काही गाड्यांचे बेंड पाइप मुळातच दुहेरी भिंतीचे असतात. त्यांना वरून रॅप म्हणजे बंडीवर स्वेटर.

घरी करायचं तर

लोक दहा मीटरचा रोल आणतात आणि अर्धा माळ्यावर ठेवतात. हिशोब करा. ३८ मिलिमीटर व्यासाचा, ६० सेंटिमीटर लांबीचा पाइप, ५० मिलिमीटर रुंद पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर १२ मिलिमीटर चढलेला. सोळा वेढे होतात आणि एका वेढ्याला साधारण १३ सेंटिमीटर पट्टी लागते. म्हणजे दोन मीटरच्या थोडं वर. पाच मीटरचा रोल भरपूर झाला. अर्धी पट्टी चढवून गुंडाळली तरी तीन-सव्वातीन मीटर. वाक फार आवळ असेल तर २५ मिलिमीटरची पट्टी घ्या, ती सुरकुतत नाही. घरगुती रॅपचा खर्च टायसकट (पट्टी आवळायच्या स्टीलच्या बंदांसकट) हजाराच्या आसपास धरा.

पाइप गाडीवर ठेवून गुंडाळू नका. मागच्या बाजूनं हात जात नाही, पट्टी सैल बसते आणि सैल पट्टी म्हणजे पाण्याचा साठा. गार इंजिनावर काम करा. इंजिनाच्या हेडजवळ, जिथं पाइप बसतो, तिथल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो आणि हजाराचं काम कितीला जाईल सांगता येत नाही. परत बसवताना पॅकिंग नवीन टाका.

फायबरग्लास असेल तर बादलीत थोडा वेळ भिजवून, पिळून घ्या. मऊ पडते, तंतू उडत नाहीत. पण ओली गुंडाळली तर त्याच दिवशी इंजिन चालवून पूर्ण सुकवा. बेसाल्टला भिजवायची गरज नाही. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, मास्क घाला. नंतर तो शर्ट घरातल्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका, घरभर खाजवत बसतील.

गुंडाळायचं खालून वर. वरचा वेढा खालच्यावर चढला पाहिजे, कौलांसारखा, म्हणजे वरून आलेलं पाणी घरंगळून जातं. सोबतीला एक माणूस घ्या, त्यानं रोल ताणून धरायचा आणि तुम्ही पाइप फिरवायचा. एकट्यानं केलेलं काम वाकाजवळ ओळखू येतं. शेवटाला सुटे धागे आत दुमडा, स्टीलचा टाय आवळा आणि त्याची कापलेली टोकं पायाकडं नको, इंजिनाकडं वळवा. ती ब्लेडसारखी असतात. वरून सिलिकॉनचा हाय-टेम्परेचर स्प्रे मारला तर पाणी कमी शोषलं जातं. थांबत नाही, कमी होतं.

पहिल्या एक-दोन वेळा धूर येणार, वासही येणार. पट्टीतला चिकट पदार्थ जळतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पार्किंगमध्ये नको, मोकळ्यावर चालू करा. नंतरही धूर येत राहिला तर मात्र तेल गळतंय का बघा. जुन्या बुलेटच्या टॅपेट कव्हरमधून थेंब थेंब तेल पाइपवर येतं. उघड्या पाइपवर ते जळून जातं, रॅपमध्ये मुरतं, आणि एक दिवस पेटतं. तेल लागलेली पट्टी धुवायची नसते, फेकायची असते.

दोन गाड्यांना स्पष्ट नाही

यामाहाच्या दोन स्ट्रोकवाल्या आरएक्स १०० वाल्यांनो, तुमच्या गाडीचा एक्झॉस्ट नुसती नळी नाही. दोन स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्टमधल्या दाबाच्या लाटा ठरावीक वेळी परत सिलिंडरपाशी यायच्या असतात. गॅस गरम राहिला की लाटांचा वेग वाढतो आणि गाडीचा जोर वरच्या आरपीएमकडं सरकतो. कंपनीनं जुळवलेलं गणित तुम्ही पट्टीनं बिघडवता. त्यात सांध्यातून तेल झिरपण्याची सवय या गाड्यांना असतेच.

दुसरी म्हणजे एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या निकषांची) गाडी. बेंड पाइपवर बहुधा ऑक्सिजन सेन्सर असतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर कमी विषारी करणारी आतली जाळी, बऱ्याचदा त्याच पाइपात किंवा इंजिनाखाली असतो. कन्व्हर्टर स्वतःच भयंकर तापतो. त्याच्यावर पट्टी बांधली तर आतली जाळी वितळायची वेळ येते. सेन्सर, त्याची वायर आणि कन्व्हर्टरचा फुगीर भाग सोडून वरचा तुकडा गुंडाळता येतो, पण त्यात हाती फारसं काही लागत नाही आणि वॉरंटीचा वाद मात्र ओढवून घेता. (उसाच्या तोडणीत वाळक्या पाचटावर गाडी लावू नका, हेही इथंच सांगतो. रॅप असो-नसो, खालचा कन्व्हर्टर पाचट पेटवू शकतो.)

पावसाळ्यापुरता रॅप काढताना, आणि जुनी गाडी घेताना

पावसाळ्यापुरता रॅप काढून दसऱ्याला परत लावू, असा विचार बरेच जण करतात. तापून बसलेली पट्टी सोडवली की तुटते, पुन्हा नीट बसत नाही. तेव्हा दर वर्षी नवा रोल आणायची तयारी असेल तरच हे गणित जमतं.

सेकंडहँड गाडीला रॅप दिसला तर हौसेपेक्षा शंका आधी येऊ द्या. सांगली-मिरजेत २०१९ आणि २०२१ च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या अजून हातोहात फिरत असू शकतात. मालकाला इंजिनाखालच्या वाकावरची वीतभर पट्टी सोडायला सांगा. नाही म्हणाला तर नव्या बेंड पाइपची किंमत सौद्यातून वजा करा. सोडली तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मागच्या टोकानं हलकं ठोकून बघा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला आणि पापुद्रे गळाले, तर तिथं थोड्याच दिवसांत भोक पडणार.