मायफिटनेसपालचा कॅलरी-अंदाज: सूत्र ठीक, घोळ ‘अ‍ॅक्टिव्ह’मध्ये

वय, उंची, वजन भरलं की मायफिटनेसपाल हे खाण्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप दिवसाच्या कॅलरींचा आकडा देतं, तोही फुकट आवृत्तीत. मागे 1990 चं मिफ्लिन-सेंट जॉर सूत्र आहे: (10 × किलो) + (6.25 × सेंमी) − (5 × वय), मग बाईसाठी 161 वजा, पुरुषासाठी 5 अधिक. 38 वर्षांच्या, 158 सेंमी उंचीच्या, 64 किलोच्या बाईचे 1277 होतात. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी एवढ्या लागतातच. इथवर तक्रारीला जागा नाही.

पुढचा प्रश्न कामाच्या पातळीचा, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. नेटवरच्या साध्या कॅल्क्युलेटरांत वरच्या आकड्याला गुणायचे 1.2, 1.375, 1.55 असे गुणक असतात आणि त्यांत व्यायाम धरलेला असतो. या अ‍ॅपमध्ये तो धरलेला नाही. पातळी निवडायची ती नोकरी आणि घरकाम बघून. व्यायाम वेगळा नोंदवला की अ‍ॅप तेवढ्या कॅलरी वाढवून देतं. सकाळी फिरायला जाणारे मात्र ‘अ‍ॅक्टिव्ह’ निवडतात आणि वर चालणंही नोंदवतात. एकाच चालण्याचा हिशेब दोनदा लागतो.

शिवाय चालण्याची किंमत आपल्याला वाटते त्याहून बरीच कमी. वरच्या बाईनं 45 मिनिटं भरभर चाललं तर साधारण 168 कॅलरी दिसतात, पण त्यातल्या 48 ती खुर्चीत बसूनही खर्चलीच असती. निव्वळ 120. आठवड्यातले पाच दिवस चालली तर दिवसाला सरासरी 86. उलट साध्या कॅल्क्युलेटरात 1.2 वरून 1.375 वर गेलं की एकदम 223 वाढतात, आणि 1.55 वर 447, म्हणजे 80 ग्रॅम पिठाच्या दीडहून जास्त भाकऱ्या! ऑफिसात बसून काम असेल तर सर्वांत खालची पातळीच घ्यावी आणि नोंदवलेल्या चालण्यापैकी दोन-तृतीयांशच मोजावं.

दुसरी अडचण दिसत नाही म्हणून जास्त फसवी. आठवड्याला अर्धा किलो कमी करायचं म्हटलं की रोज सुमारे 550 वजा होतात. वरच्या बाईचे दीड हजारांच्या आसपास असले तर उरतात हजारभर. अ‍ॅप मात्र बायकांना 1200 च्या खाली नेत नाही. ते योग्यच, पण मग अर्ध्या किलोचा वेग कागदावरच राहतो. पाव किलोचं ध्येय ठेवलेलं बरं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्याशी ताडून पाहायचं असेल तर 2020 चे आकडे बैठ्या कामासाठी असे: 65 किलोचा पुरुष 2110, 55 किलोची बाई 1660. त्यांचा बैठा गुणक 1.40 आहे, पण भारतीयांची विश्रांतीची ऊर्जा त्यांनी कमी धरली आहे. तो गुणक उचलून मिफ्लिनच्या आकड्याला लावू नये.

खाण्याची नोंद हा या अ‍ॅपचा सगळ्यात कच्चा भाग. पदार्थांच्या बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या, त्यामुळे ‘पोहे, 1 प्लेट’ला अर्थ नाही. कच्चे पोहे आणि तेल वजन करून घालावं; फोडणीत एक मोठा चमचा तेल जास्त पडलं की 120 कॅलरी वाढल्या.

खरा आकडा शेवटी वजनकाटाच सांगतो. रोज सकाळी शौचाहून आल्यावर, उपाशीपोटी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी. बायकांनी किमान चार आठवडे थांबावं, पाळीच्या आधी पाणी साठून काटा वर जातो. समजा रोज सरासरी 1600 खाऊन 28 दिवसांत 0.8 किलो उतरलं, तर किलोमागे सुमारे 7700 कॅलरी धरून 0.8 × 7700 ÷ 28 = 220 रोज कमी पडल्या, म्हणजे गरज 1600 + 220 = 1820. ध्येयाच्या सेटिंगमधला अ‍ॅपचा आकडा काढून या गरजेवरून ठरवलेला आकडा हातानं भरावा.