चामडं कापायला काय घ्यावं: कटर, रापी की अर्धगोल सुरी?

चामडं कापायला नवं हत्यार घ्यायचं ठरलं की लोक आधी पात्याचा आकार विचारतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: धार लावायला बसायची तयारी आहे का? बोथट झालेली भारीतली रापी (चामडं कापायची रुंद, सपाट सुरी) आणि ताज्या पात्याचा साधा कटर समोर ठेवले, तर मी डोळे मिटून कटर उचलेन.

टोक मोडून वापरायच्या या कटरची कल्पना जपानमधल्या योशिओ ओकादा यांना १९५६ साली सुचली. धार गेली की तुकडा मोडायचा आणि पुढे कामाला लागायचं, हा त्याचा मोठा गुण. पाती ९ मिमी आणि १८ मिमी रुंदीत सर्रास मिळतात. चामड्यासाठी १८ मिमीचंच घ्या, कारण ९ मिमीचं पातं जेमतेम ०.३८ मिमी जाड असतं आणि जोर दिला की वाकतं. १८ मिमीचं साधारण अर्धा मिमी जाड असतं, तरी कंबरपट्ट्याच्या ३-४ मिमी चामड्यात तेही वाकतं. वरून पाहिलं तर काप अगदी रेघेवर असतो, पण तुकडा उलटा केला की खालची कड मिलिमीटरभर बाहेर गेलेली दिसते. दोन थर चिकटवून कडा घासायला बसलात की हा तिरपेपणा फार छळतो. म्हणून जाड चामडं एका दमात कापू नका. तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापा आणि पातं बाहेर काढाल तेही गरजेपुरतंच.

रापीचं पातं सपाट आणि रुंद असतं, धार पटाशीसारखी पुढच्या टोकाला. मी एका बाजूनेच उतार दिलेल्या रापीबद्दल बोलतो आहे. तिची सपाट पाठ पट्टीला लावून टोकाने ओढली, की काप काटकोनात उतरतो. तीच रापी आडवी धरून पुढे ढकलली की शिवणीच्या कडा तासून पातळ करता येतात, आणि हे काम कटरला नीट जमत नाही. पाकिटं, पिशव्या करणाऱ्याला कडा तासल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यामुळे एकाच हत्यारात दोन कामं होणं ही लहान गोष्ट नव्हे. तिरप्या धारेची घेणार असाल तर डावखुऱ्यांनी डावी मागून घ्यावी.

अर्धगोल सुरी फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या रेखमिरेच्या थडग्यात चामड्याचं काम करणारे कारागीर चितारले आहेत, त्या चित्रांतही ती दिसते. मूठ धारेच्या बरोबर वर असल्याने तळहाताचा सगळा जोर सरळ खाली उतरतो. जाड चामड्यात वळण घेताना ती झुलवत पुढे नेता येते, आणि त्या कामात तिला तोड नाही. पण तिची दोन्ही शिंगं, म्हणजे पात्याची दोन्ही टोकं, उघडी असतात, दुसरा हात कायम पात्याच्या मागे हवा. शिवाय गोल काठाला सगळीकडे सारखी धार लावणं नवख्याला जड जातं. पहिलं हत्यार म्हणून मी ती सुचवणार नाही.

फिरत्या चकतीचा कटर मऊ, एक मिमीच्या आसपासच्या चामड्यापुरता चांगला. क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं लवचीक चामडं साध्या पात्याखाली ओढलं जाऊन सुरकुततं, चकतीखाली तसं होत नाही. आतल्या कोपऱ्यात मात्र ती पोचत नाही.

वनस्पतीच्या सालीवर कमावलेलं चामडं ओलं करून कापणार असाल, तर साध्या कार्बन पोलादाचं पातं लगेच पुसत चला. लोखंड आणि सालीतलं टॅनिन भेटले की काळे डाग पडतात आणि ते सहज जात नाहीत.

माझ्या मते सुरुवात १८ मिमीच्या कटरने करावी, दुसरी खरेदी रापीची. पण रापीबरोबर धारेचा दगड आणि दगडानंतर धार घोटायचा चामडी पट्टा त्याच दिवशी आणा, नाहीतर रापी घेऊच नका.

धार लावायला १००० नंबरचा दगड आणि त्यापुढे ४००० ते ६००० मधला एक बारीक दगड, एवढं पुरतं. उताराला मार्करने रंग द्या आणि दगडावर दोन-तीनदा ओढून बघा. रंग फक्त टोकाकडचा गेला तर पातं जास्त उभं धरलंय, मागचाच गेला तर जास्त आडवं. सगळीकडून सारखा निघाला की तोच कोन हातात पकडून ठेवा. घासत राहिलात की पाठीच्या बाजूला काठावर बारीक किनार उलटते, वर्कशॉपात तिला बर म्हणतात. ती दिसत नाही, पण पाठीवरून काठाच्या बाहेर बोट सरकवलं की खरखरते. पूर्ण लांबीवर ती लागेपर्यंत बारीक दगडाकडे वळू नका. बहुतेकांची धार इथेच फसते. पाठ दगडावर पूर्ण आडवीच ठेवून बर काढायची, पाठीला उतार चुकूनही द्यायचा नाही. विजेच्या ग्राइंडरवर पात्याचा काठ निळा पडला तर तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा, त्या जागी धार टिकणार नाही.

पट्टा म्हणजे लाकडी फळीवर चिकटवलेली चामड्याची पट्टी, तिच्यावर हिरवा क्रोमियम ऑक्साइड चोळलेला. पातं नेहमी मागे ओढायचं, धार मागून आली पाहिजे. जोर दिलात तर चामडं दबतं, काठाला वर येऊन चिकटतं आणि धार गोलावते. फेरी संपताना मनगट वळवून पातं उचललं तरी तेच होतं. जागीच थांबायचं, मग उचलायचं. कटरचं कोरं पातंही दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा ओढून बघा, चामड्यात शिरताना फरक हाताला कळतो.

धार तपासायला चामड्याच्या एखाद्या टाकाऊ तुकड्याची कड तासून बघा. पापुद्रा सलग निघाला तर काम चालू ठेवा. तुटक निघाला तर पट्टा, आणि पट्ट्यावर वीस फेऱ्या होऊनही तुटकच निघत असेल तर बारीक दगड.