दुतोंड्या मारुती की क्रॉस्बीचे लोखंडी पुतळे?

लिव्हरपूलजवळ क्रॉस्बी बीचवर शिल्पकार अँटनी गॉर्मलीने स्वतःच्याच अंगाच्या साच्यातून काढलेले १०० लोखंडी पुतळे उभेत, भरतीला बुडतात, ओहोटीला परत बाहेर, गंज चढतोय, शिंपले चिकटतायत. म्हणजे शो रोजचाच, भरतीचं टाइमटेबल बघून जायचं. आपल्या नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं तसं नाही, गंगापूर धरणातनं भरपूर पाणी सोडलं की मगच, आणि मग अख्खं नाशिक एकच विचारतं, पाणी कुठपर्यंत आलं, कमरेला की छातीला? आर्ट म्हणून कुणी बसवलेला नाही तो, मान्य, पण थरार मारुतीचाच. फक्त लांबूनच बघा (पुरात घाटावर सेल्फी काढणाऱ्यांना तर काय बोलायचं). पुतळ्यांजवळ निवांत फिरायचं असेल तर क्रॉस्बी, तेही ओहोटीलाच आणि किनाऱ्याजवळचेच, पुढे चिखलात पाय रुततात.